लहान गाभ्याची लिफ्ट

गचका बसला तसा तिने कठडा धरला आणि पर्समधली किल्ली खणकन वाजली. लिफ्ट थांबली होती. दारावरच्या छोट्या पडद्यावर चारचा आकडा होता, तो गेला आणि पडदा कोरा झाला. डोक्यावरचा पंखा तेवढा घरघरत होता.

"अडकली," ती म्हणाली.

सासऱ्यांनी हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली, दारावर तळहात टेकवला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. डॉक्टर नाडी बघतो तसं त्यांचं हे नेहमीचंच होतं.

"चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये आहोत. ब्रेक लागलाय. पडायची नाही."

"पडायची नाही ते मलाही कळतं, स..." ती अडखळली. इथेच तिचं घोडं पेंड खायचं. ऑफिसात ते सर, घरी बाबा. जेवणाच्या टेबलावर तिने चुकून सर म्हटलं की नवरा खो खो हसायचा, आणि बैठकीत तोंडून बाबा निसटलं की सगळे माना खाली घालून हसू दाबायचे. आता लिफ्टला ऑफिस धरायचं की घर, हे कोणी ठरवायचं? "बाबा," ती शेवटी म्हणाली.

खरं तर ती आधी त्यांच्या हाताखालची इंजिनिअर, आणि मग सून. लिफ्टच्या कंपनीत कामाला लागली, त्यांना तिचं काम आवडलं, आणि त्यांनीच आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. "एवढी हुशार मुलगी बाहेर कशाला जाऊ द्यायची," असं म्हणाले होते म्हणे. तेव्हा सगळ्यांना केवढं कौतुक! तिलाही होतं, खोटं कशाला बोला. पुढे कळलं की ह्यात रुसायलासुद्धा जागा नाही. माहेरी जावं तर रजेचा अर्ज साहेबांकडे, आणि साहेब म्हणजे सासरे. ऑफिसात वैतागून घरी यावं, तर ज्यांच्यावर वैतागलो तेच दार उघडायला पुढे.

आणि आज दुपारी डबे धुऊन होतात न होतात तोच साहेब म्हणाले होते, "चल, एका लिफ्टला जाऊन येऊ." ती बिनधास्त गाडीत बसली. गाडी टायरच्या दुकानाशी वळली आणि ती ताठ होऊन बसली. पुढच्या वळणावर तर शंकाच उरली नाही. हीच ती इमारत. सहाव्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी, तिने आणि नवऱ्याने भाड्याने घेतलेली. घरात कोणालाही पत्ता नव्हता.

फाटकातला रखवालदार तिला बघून लगेच उठून उभा राहिला.

"मॅडम, ते पडदेवाले येऊन..."

ती एवढ्या जोरात खोकली की बाबा थबकले.

"काय गं? काय झालं?"

"धूळ," ती म्हणाली आणि झपाझप लिफ्टकडे चालत सुटली.

रविवारपर्यंत राहायला या, नाहीतर मी दुसऱ्याला देतो, असं घरमालकाने स्पष्ट सांगितलं होतं. बाबांना सांगायचं काम नवऱ्याचं. नवरा रोज रात्री उशीत तोंड खुपसून म्हणायचा, "उद्या नक्की." बाहेर कोणाच्या बापाला न घाबरणारा हा गडी, स्वतःच्या बापासमोर मात्र मूग गिळून बसायचा. आता रविवार अगदी तोंडावर आला होता. आज रात्रीही तो काही बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग सगळं तसंच राहणार. त्या घरात, त्या टेबलाशी, आणखी किती वर्षं कोण जाणे.

त्यात आता ही लिफ्ट. ती बटणांना पाठ टेकून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

"फोनला रेंज नाही," तिने सांगितलं.

"लोखंडी खोक्यात कुठली यायला. वर पक्कड आहे. बघेल तो."

पक्कड म्हणजे त्यांचा मेकॅनिक. खिशात कायम पक्कड घेऊन फिरणारा म्हणून पक्कड. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी सही करताना त्यालाच आठवावं लागत असेल.

"घंटी दाबून बघ," बाबा म्हणाले.

"कशाला? वाजणार आहे का ती? तुमच्याच गाभ्यात आहे ना!"

बाबा पिशवी आडवी करून तिच्यावर बसले. गुडघे कटकन वाजले.

ह्या गाभ्यावरूनच तर सगळं रामायण झालं होतं. लिफ्ट चालवणारा कंट्रोलर असतो, त्याची सिस्टीम बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. तरुणपणी, रात्रीचा दिवस करून. कंपनी उभी राहिली ती त्या सिस्टीमवर. तिच्यात एकच मोठा गाभा, आणि सगळं त्या गाभ्याच्या पोटात. मोटर, दार, मजल्याचा पडदा, घंटी, पंखा, दिवा, सगळे एकाच खोलीत मांडीला मांडी लावून बसलेले. कोणालाही कोणाकडून काही हवं असेल तर थेट हात घालायचा. वेगाला तोड नाही. बाबा त्याला एकजीव म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज जरा ओला व्हायचा.

पण एकजीव म्हणजे एकाचा जीव गेला की सगळ्यांचा. गेल्या वर्षी एका डोळ्यांच्या दवाखान्यात त्या क्षुल्लक पडद्याला कुठल्याशा जाहिरातीचं चित्र पचलं नाही. पडदा कोसळला आणि जाताना मोटर, दिवा, पंखा, घंटी सगळं घेऊन गेला. आत एक बाई होत्या, एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या. पक्कडने वर जाऊन हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणेपर्यंत त्या मिट्ट काळोखात, घामाने निथळत, बंद पडलेली घंटी दाबत बसल्या होत्या. दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटलं, दुसराही गेला." त्यावर ऑफिसात कोणीतरी हसलं होतं. तिला हसू आलं नाही. बाबांनाही आलं नव्हतं, हेही खरं.

त्यानंतर तिने दुसरी सिस्टीम मांडली. लहान गाभ्याची. गाभ्याने फक्त पाळी सांभाळायची, इकडचा निरोप तिकडे द्यायचा, आणि कोणी कोणाच्या हद्दीत शिरत नाही ना ते बघायचं. बाकी सगळे गाभ्याबाहेर, जो तो आपापल्या खोलीत, दार लावून. पडदा पडला तर पडदाच पडेल. पंखा चालू, दिवा चालू, घंटी चालू. आणि पडलेल्या तुकड्याला गाभा पुन्हा उभा करील. महिनोन्महिने खपून तिने हे केलं आणि बैठकीत उभी राहिली.

बाबांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे दाराला मोटरशी बोलायचं तर आधी गाभ्याला निरोप. गाभा तो मोटरला देणार. उत्तर परत त्याच वाटेने. अगं, घरातल्या घरात दार वाजवून आत यायचं का आता? मीठ हवं असलं तर हात लांब करून घेतो आपण, अर्ज नाही करत."

सगळे हसले. ते हसणं जिरायच्या आतच त्यांनी हळूच आणखी एक विचारलं होतं. "आणि मोटर पडली, मधेच, दोन मजल्यांच्या मध्ये, तर आतल्या माणसाचं काय?" ह्याचं उत्तर तिने लिहून ठेवलं होतं, कागद हातातच होते. पण हशा चालू होता, ती खाली बसली, आणि ते कागद साहेबांच्या खणात गेले ते गेलेच.

घरातल्या घरात दार वाजवून! घरी तर कुठल्या दाराला कडीच नव्हती. होत्या त्या बाबांनीच काढून टाकल्या होत्या, मुलगा लहानपणी एकदा आत अडकला म्हणून. सकाळी ती केस विंचरत असली की बाबा वर्तमानपत्र घेऊन आत. रविवारी दोघं जरा लोळत पडली की बाबा आत, "ऐक गं, काल तू जे म्हणत होतीस ना दाराच्या सेन्सरबद्दल..." वाईट काही नसायचं त्यांच्या मनात. तेच तर. वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं. घरात एकाचं डोकं दुखलं की सगळ्यांनी कुजबुजायचं, एकाचं बिनसलं की सगळ्यांचं जेवण बेचव. तिचं स्वतःचं म्हणून काही दुखायलाही सवड नव्हती.

"उकडतंय?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग डोळे का मिटलेस?"

"तुम्हाला खरंच ऐकायचंय?"

तिचा आवाज त्या पत्र्याच्या खोक्यात केवढा मोठा झाला. तिलाच दचकायला झालं. पण आता गाडं उताराला लागलं होतं.

"माझा जीव गुदमरतो, बाबा. ह्या लिफ्टमध्ये नाही, घरात. ऑफिसात. दोन्हीकडे तुम्हीच आहात. तुम्ही चांगले आहात, तुम्ही मला मुलीसारखं वागवता, सगळं कबूल. पण मला एक दार हवंय. आतून लागणारं. कोणी यायचं तर वाजवून येईल असं. घर काय आणि यंत्र काय, तुमचं सगळं एकाच गाभ्यात. मी त्यात कुठे संपते आणि तुम्ही कुठे सुरू होता, ते मला कळेनासं झालंय." तिने श्वास घेतला. "आम्ही वेगळी जागा घेतली आहे. तुमचा मुलगा सांगणार होता. तो काही सांगायचा नाही, म्हणून मी सांगते. आणि कुठे घेतली, तेही ऐका. ह्याच इमारतीत. सहाव्या मजल्यावर."

आता ह्यांच्यासोबत इथेच उभं राहायचं, कोणी सोडवायला येईपर्यंत. ह्याहून मेलेलं बरं, असं तिला वाटून गेलं.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"गॅलरी कुठल्या बाजूला आहे?"

"काय?"

"गॅलरी. सकाळचं ऊन येतं का?"

"येतं," ती म्हणाली. "थोडं येतं."

"बरं."

पंखा तेवढा घरघरत होता. ती घरघर ती ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि एकदम तिने मान वर केली.

"पंखा चालू आहे," ती म्हणाली.

"हं."

"दिवाही चालू आहे."

"हं."

ती गर्रकन वळली. मघापासून जिला पाठ लावून उभी होती ती बटणांची पट्टी उजळलेली होती. प्रत्येक बटणाच्या कडेला मंद हिरवी कड, तळमजल्यापासून वरपर्यंत. हा नियम तिचाच. मोटर पडून पुन्हा उभी राहिली की लिफ्टने आपल्या मनाने हलायचं नाही, कारण आतला माणूस कदाचित दाराशी झटत असेल. पडदा कोरा ठेवायचा, चुकीचा मजला दाखवायचा नाही. बटणं उजळायची आणि थांबायचं. आतल्या माणसाने बटण दाबलं की मगच निघायचं. बैठकीत जे वाचायचं राहून गेलं, ते हेच.

"ही माझी आहे," ती पुटपुटली.

"मग काय माझी? माझी असती तर एव्हाना अंधारात घाम पुसत बसलो असतो."

"कधी बसवलीत?"

"गेला आठवडाभर लिफ्ट बंद नव्हती का?"

होती. 'दुरुस्ती चालू' अशी पाटी होती, आणि ती दोघं सहा मजले जिन्याने चढून धापा टाकत, लिफ्टच्या कंपनीला शिव्या घालत होती. आपल्याच कंपनीला.

"पक्कडने वाळूची पोती भरून वर-खाली नेऊन पाहिली. मग मी एकटा बसून पाहिलं. आज त्याला सांगून ठेवलं होतं, चौथा मजला सुटला की वरून मोटरचा तुकडा पाड. त्याने पाडला. गाभ्याने उभाही केला, तू 'अडकली' म्हणायच्या आत." ते जरा हसले. "तेव्हापासून ही बिचारी तुझ्या बटणाची वाट बघत उभी आहे."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"घंटी दाब म्हटलं की. वळली असतीस तर दिसलं असतं. पण तू तुझीच लिफ्ट ओळखली नाहीस." ते थांबले. "मग तू बोलायला लागलीस. म्हटलं बोलू दे. घरी कुठे बोलतेस."

तिला राग यावा की रडू यावं ते कळेना. दोन्ही एकदम आलं, आणि तिने ते ओठ दाबून गिळलं.

"जागेचं तुम्हाला ठाऊक होतं."

"पक्कड मागच्या महिन्यात इथे तेल घालायला आला होता, तेव्हा आपले चिरंजीव त्याला जिन्यात भेटले. हातात मोजपट्टी. म्हणाले, बाबांना सांगू नका हं."

"मग?"

"मग त्याने संध्याकाळी मला सांगितलं."

तिला हसू फुटलं, नको असताना. बाबा मात्र हसले नाहीत. ते पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत होते.

"राग आला होता," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत. जेवण गोड लागेना. तुझ्या सासूबाईंना वाटलं, आपल्याच हाताची चव गेली. मग एके दिवशी तुझे ते कागद काढले. नीट वाचले. बैठकीत मी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यात होतं. तू बोलली नाहीस, आणि मी हसण्यावारी नेलं. आता सगळ्यांसमोर नाही म्हटल्यावर हो कसं म्हणायचं, ते काही सुचेना मला." त्यांनी वर बघितलं. "आणि ह्या लिफ्टमध्ये तुम्ही रोज चढणार-उतरणार. माझी सिस्टीम पडली की सगळ्यांना घेऊन पडते. इथे ती ठेवायला माझं मन धजेना."

तिने डोळे पुसले. मग तिच्यातली इंजिनिअर जागी झाली, नको त्या वेळी व्हायची तशी.

"आणि बाकीचे लोक? त्या पट्टीवाल्या बाई?"

"तेच," बाबा म्हणाले. "तुमच्यासाठी वेगळी आणि त्यांच्यासाठी ती. तेच टोचायला लागलं मग. सोमवारी बैठक बोलावली आहे. तू मांड. मी हसणार नाही, आणि कोणाला हसू देणार नाही."

त्यांनी उठायला हात पुढे केला. तिने त्यांना धरून उठवलं. ते तिच्यापेक्षा उंच होते, हे तिला नेहमी जाणवायचं. आज इतकंसं जाणवलं नाही.

"दाब आता. तो पक्कड वर जीव मुठीत धरून बसला असेल."

"कितवा दाबू?" तिने विचारलं.

"ते मला कशाला विचारतेस?"

तिने सहाचं बटण दाबलं. लिफ्ट जराशी थरथरली आणि एका लयीत वर निघाली. पडद्यावर पाच आला, मग सहा. बाबा दाराला तळहात लावून उभे होते. दार सरकलं तेव्हा त्यांनी हात काढला.

सहाव्या मजल्यावर नव्या रंगाचा वास कोंडला होता. ती पुढे झाली, पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं. आत रिकामी खोली, कोपऱ्यात पडद्यांचं गाठोडं, आणि फरशीवर नवऱ्याने खडूने काढलेल्या रेघा, इथे पलंग, इथे कपाट. पलंगाला त्याने इतकी जागा दिली होती की कपाटाचं दार उघडलंच नसतं. तिने गॅलरीचं दार ढकललं, जरा वारा आत येऊ दिला, आणि काहीतरी दाखवायला म्हणून हसत मागे वळली.

खोलीत कोणी नव्हतं. बाबा आत आलेच नव्हते. आता लिफ्टने खाली गेले की काय, असं वाटून ती लगबगीने परत फिरली.

पुढचं दार तिने सताड उघडं टाकलं होतं. उंबऱ्याच्या बाहेर, पिशवी हातात घेऊन, ते उभे होते. त्यांनी आत पाहिलं नाही. भिंतीवरचं बटण शोधलं आणि घंटी वाजवली.